लगेच म्हणजे कधी?

फोनवरची मुलगी आवाजावरून माझ्या लेकीच्या वयाची वाटली. तिने तीन प्रश्न विचारले : सध्याचा सीटीसी किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती दिवसांचा. पंचवीस वर्षं परचेसमध्ये मी नेमकं काय केलं, हे तिला नको होतं. मला राग आला नाही. मीही सप्लायरला याच क्रमाने विचारत आलोय : रेट काय, शेवटचा किती, माल कधी देणार. फक्त या वेळी बेअरिंगच्या जागी मी होतो.

“नोटीस पिरियड नाही. लगेच येऊ शकतो.”

“लगेच म्हणजे कधी, सर?”

“मी भोसरीत राहतो, तुमची कंपनी चाकणला. मोशीला ट्रॅफिक नसेल तर तासाभरात.”

पलीकडे शांतता. मग हळूच, “म्हणजे सध्या तुम्ही कुठेच नाही?”

गंजीफ्रॉक घालून, तोंडली चिरायला घेऊन मी चांगला स्वतःच्या घरात बसलो होतो. पण औद्योगिकदृष्ट्या कुठेच नव्हतो, हे कबूल करावं लागलं. आमच्या कारखान्याला कुलूप लागून चार महिने झाले होते.

जाहिरातीत तर ठळक अक्षरांत ‘इमिजिएट जॉइनर’ मागितला होता. हळूहळू उलगडा झाला : माणूस उद्या हवा, पण आज तो दुसऱ्या कुणाचा तरी असायला हवा. रिकामा नको. आता, रिकाम्या हॉटेलात आपणही शिरत नाही म्हणा.

माझी पहिली नोकरी 1999 सालची. फुलस्केपवर ‘महोदय’ने सुरू होणारा अर्ज घेऊन गेटवर गेलो. साहेबांनी विचारलं, “अक्षर तुझंच का?” हो म्हटलं. “सोमवारपासून ये.” संपली निवडप्रक्रिया. साहेब मामांच्या ओळखीचे होते, हेही सांगायला हवं. ‘आमच्या वेळी सगळं सोपं होतं’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचा असा एक मामा असतो.

आता मामाच्या जागी सॉफ्टवेअर आहे. “बाबा, रिझ्युमे आधी तेच वाचतं,” असं म्हणत लेकीने माझी ‘सप्लायरशी घासाघीस’ पुसून तिथे ‘स्ट्रॅटेजिक सोर्सिंग’ लिहिलं. तो रिझ्युमे साइटवर चढवला की त्यातलीच सगळी माहिती पुन्हा चौकटींमध्ये भरायची. जन्मसालाची यादी 2008 पासून सुरू होते. 1976 येईपर्यंत अंगठा खाली सरकवत राहायचं आणि आपल्यामागून किती जण जन्माला आले ते बघत बसायचं.

पुढे चाकणवाल्यांशी पगाराची बोलणी झाली. सीटीसी 12 लाख. मी खूश. मग एचआरच्या साहेबांनी कागद पुढे केला. बेसिक 6 लाख. त्यावर कंपनी 12 टक्के पीएफ भरणार, ते 72 हजार माझ्या सीटीसीत. माझ्या बाजूचे 72 हजार कापणार, तेही अर्थात त्यातलेच. ग्रॅच्युइटी 4.81 टक्के, म्हणजे 28,860 रुपये, तीही आतच. हा 4.81 कुठून आला? दरवर्षी पंधरा दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. पण ती हातात पडायला सलग पाच वर्षं टिकायला हवं. तेव्हा मी चोपन्न वर्षांचा असेन. थोडक्यात, सीटीसी म्हणजे आमच्या भाषेत लँडेड कॉस्ट : भाडं, पॅकिंग, हमाली, सगळं धरून. बेअरिंगला त्यातलं काय मिळतं, हे मी पंचवीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

“कळवतो,” साहेब म्हणाले. या शब्दाचा अर्थ मला कुणी सांगायला नको. किती सप्लायरांना मी तो ऐकवलाय! त्यातले दोघे अजून वाट बघत असतील.

उद्या हवा असलेला माणूस त्यांनी सहा आठवडे फेऱ्यांत फिरवला. शेवटच्या फेरीत, ऑनलाइन, कुणीतरी विचारलं, “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?” ग्रॅच्युइटीच्या फॉर्मवर सही करताना, असं तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुकरने शिट्टी दिली आणि मी ‘ग्रोथ’बद्दल काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, पण त्यांनी माना डोलावल्या.

काल ऑफर लेटर आलं. सोमवारपासून हजर व्हायचं आहे. एक दिवसही उशीर चालणार नाही म्हणतात. नऊ पानं आहेत. लेकीने सगळी वाचली, मी फक्त सहावं वाचलं. त्यावर माझा नोटीस पिरियड लिहिलाय : 90 दिवस.