ताट वेगळं मांडू नका

घरात कुणाला एचआयव्ही आहे असं कळलं की पहिली धाव मांडणीकडे जाते. ताट वेगळं, तांब्या वेगळा, टॉवेल दुसऱ्या दोरीवर, संडासात बादलीभर फिनेल. याला काळजी म्हणतात. या काळजीने आजवर एकाही माणसाला एचआयव्हीपासून वाचवलेलं नाही, कारण तो ताटातून येतच नाही.

तो येतो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, आणि उपचार न मिळालेल्या आईकडून बाळाला. उष्ट्यातून, कपड्यांतून, डासांतून नाही. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी ३९ एड्सरुग्णांच्या घरातल्या, शरीरसंबंध नसलेल्या १०१ जणांना तपासलं होतं. भांडी, टॉवेल, संडास एकच. काहींचा तर दातांचा ब्रशही. लागण निघाली एकाच मुलाला, तीही बहुधा जन्मावेळी आईकडून आलेली. हा अभ्यास १९८६ सालचा आहे, म्हणजे औषधं येण्याआधीचा. वस्तरा आणि ब्रश जरूर वेगळे ठेवा, पण घरातल्या प्रत्येकाचे. कारण सुकलेल्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आठवडाभर तग धरू शकतो.

खरा धोका त्या वेगळ्या ताटातच आहे. किती घरांत नवऱ्याकडून लागण झालेली सून त्याच्या मागे एकटी भोगते! दोष तिला, ताटही तिचंच वेगळं. मग ती एचआयव्हीच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवते. पाहुणे आले की गोळी चुकते, लाजेपायी या गोळ्या देणाऱ्या एआरटी सेंटरची तारीख चुकते. गोळ्या चुकल्या की विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. हीच गोळी रोज वेळेवर घेतली तर रक्तातलं त्याचं प्रमाण इतकं खाली जातं की शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. सरकारी केंद्रांत हे औषध २००४पासून फुकट मिळतंय. औषध आहे, ते उघडपणे गिळायला घर नाही.

बाधित माणसाला वेगळं काढणं २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने भेदभाव ठरवलंय आणि हा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागूही आहे. पण स्वयंपाकघरात कायदा वाढायला येत नाही, आपणच वाढतो. शंका असेल तर १०९७ या हेल्पलाइनवर विचारा. आणि आज रात्री तिला सगळ्यांच्या पंगतीत बसवा, जेवण झालं की सगळ्यांसमोर विचारा, ‘गोळी घेतलीस ना?’ घराला सुरक्षित ठेवणारा प्रश्न हाच आहे.