चोवीस ते अठ्ठेचाळीस तास

डोमेनराव तुम्हांला ठाऊक आहेतच. खते-औषधांच्या दुकानावरील माडीवर, दोन मोबाइल, एक पडदा आणि निवत चाललेला चहा यांच्या संगतीत बसून जे गृहस्थ सातासमुद्रापलीकडची नावे वार्षिक मक्त्याने देतात, आणि त्यांतले एखादे नाव बंद पडले म्हणून फोन करावा तर प्रथम एक उसासा व त्यानंतर एक कालावधी ऐकवतात, ते डोमेनराव. आमचे नारायणगावात असतात; तुमचे मंचरला, ओतूरला किंवा बार्शीला असतील. खरे नाव अर्थातच निराळे आहे; परंतु जन्मभर इतरांच्या नावांचा व्यापार केलेल्या माणसाला त्याच्या धंद्याचेच नाव चिकटावे, असा निवाडा बाजारपेठेने फार पूर्वी दिला असून त्यावर अपील नाही.

आमच्या इतिहासप्रेमी मंडळाचा ई-मेल ज्या दिवशी मौन धरून बसला, त्या दिवशीचा संवाद येथे नमूद करतो, कारण पुढचे सर्व संवाद ही त्याचीच सहीशिक्क्याची नक्कल होय. सकाळी फोन केला. “चोवीस ते अठ्ठेचाळीस तास,” ते म्हणाले. संध्याकाळी पुन्हा केला. “चोवीस ते अठ्ठेचाळीस तास.” “अहो, पण त्यांतले आठ तर सरले ना?” मी उभा जन्म शाळेत गणित शिकवलेले असल्यामुळे वजाबाकीचा हा मुद्दा मला मूलभूत वाटला. डोमेनरावांना तो वाटला नाही. “सर, पसरतंय,” एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

या कालावधीला शास्त्राधार नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसांच्या ध्यानात आकडे राहत नाहीत म्हणून नावे योजावी लागतात, आणि कोणते नाव कोणत्या आकड्याकडे न्यावे याचे दफ्तर जगभरच्या यंत्रांत विखुरलेले असते. एकदा मिळालेले उत्तर प्रत्येक यंत्र काही काळ आपल्यापाशी जपून ठेवते आणि ती मुदत संपेपर्यंत मूळ दफ्तराला पुन्हा विचारण्याची तसदी घेत नाही. डॉट कॉम या प्रत्ययाचे मूळ दफ्तर व्हेरिसाइन नामक अमेरिकी कंपनीपाशी असून, कोणते नाव कोणत्या यंत्राच्या हवाली केले आहे या नोंदीवर ती १,७२,८०० सेकंदांची मुदत घालते. भागाकार करून पाहिला. बरोबर अठ्ठेचाळीस तास येतात. शास्त्राने हा काळ एका विवक्षित फेरफाराला दिला होता. डोमेनरावांनी तो सृष्टीतील यच्चयावत व्यवहारांना बहाल केला.

सौभाग्यवतींनी गिरणीतून दळण आणावयास सांगितले की चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. रोहित्र जळून माडीवर अंधार पसरला आणि खालच्या दुकानदाराने वीज कधी येईल म्हणून विचारले की चोवीस ते अठ्ठेचाळीस तास, जणू रोहित्रही यांच्याच पॅनेलवर चालते. एकदा मी चिडून म्हणालो, की इतक्या अवधीत माणूस चंद्राची अर्धी वाट चालून जाईल. तेव्हा त्यांनी खिडकीतून पूर्वेकडे बोट दाखवले आणि खोडदच्या तीस दुर्बिणींपैकी प्रत्येकीत जो संदेश उतरतो, तो कोट्यवधी वर्षे वाटेतच होता, तरी तेथील शास्त्रज्ञांनी कधी कोणाला फोन केल्याचे ऐकिवात नाही, असे मला सुनावले. “तेही पसरतंयच, सर.”

या वाक्याला सिद्धीचे तेज चढले ते बिबट्यामुळे. वडजच्या अंगाला उसात जनावराने ठाण मांडले होते. वनखात्याने पिंजरा लावून आत शेळी बांधली होती. आणि बांधावर जमलेली मंडळी, जनावर सापडेल की नाही, सापडेल तर कधी, या चिंतेत असताना, कोणाच्या तरी थकलेल्या मेलबॉक्सचा तगादा करण्यास तेथे गेलेले डोमेनराव सवयीने ते शब्द बोलून गेले. दुसऱ्या रात्री पिंजऱ्याचे दार पडले. बिबट्या माणिकडोहच्या निवारा केंद्राकडे रवाना झाला, शेळी सुखरूप घरी गेली, आणि तेव्हापासून त्या शिवारातील माणसे डोमेनरावांना पावसाविषयीही विचारू लागली. उत्तर काय मिळते, हे सांगावयास नको.

वस्तुतः डोमेनरावांना आपण फोन करणेच गैरशिस्त आहे, कारण ते आपल्याला काहीही विकत नाहीत. त्यांचा व्यवहार घाऊक. वडील टोमॅटोचे अडते होते. मोसमात नारायणगावच्या बाजारात क्रेटांच्या थप्प्यांत उभे राहून त्यांनी शेतकरी आणि दिल्ली-गुजरातचे व्यापारी यांच्यामध्ये उभी हयात काढली. “मीही अडतच करतो,” डोमेनराव सांगतात, “फरक इतकाच, की टोमॅटो सडला तर दिसतो.” ओतूरचा लग्नाचे फोटो काढणारा, घोडेगावचा संगणकवर्गवाला, आळेफाट्याचा फ्लेक्सवाला, असे त्यांचे पोटमक्तेदार आहेत, ते यांच्या पॅनेलवर आपापल्या दुकानाची पाटी चढवून नावे आणि मेलबॉक्स विकतात, आणि गिऱ्हाइकाला या पाटीमागे डोमेनराव नावाचा इसम आहे याची वार्ताही नसते. ती लागते पाटीवाला फोन उचलेनासा झाला म्हणजे.

या घाऊक धंद्याचे आपल्याकडील मूळ मुंबईतच सापडते. नावांच्या जागतिक कारभारासाठी आयकॅन ही संस्था अमेरिकेत ज्या १९९८ साली स्थापन झाली, त्याच साली विशीही न गाठलेल्या भाविन आणि दिव्यांक तुरखिया या बंधूंनी मुंबईत डायरेक्टी सुरू केली, आणि पुढे त्यांच्या रिसेलरक्लबने गिऱ्हाइकाला नाव विकण्याऐवजी नावे विकणाऱ्यांना नावे विकण्याचा उद्योग इतका वाढवला, की २०१४ साली एन्ड्युरन्स या अमेरिकी कंपनीने तो विकत घेतला. ही हकीकत डोमेनराव अशा आवाजात सांगतात, की ऐकणाऱ्याला त्या खरेदीखतावर साक्षीदार म्हणून त्यांचीही सही असावी असे वाटते. आपल्या रुपयाची वाट मात्र ते चोख समजावतात: पोटमक्तेदाराने आपले ठेवून घेतले, डोमेनरावांनी आपले, मान्यताप्राप्त निबंधकाने आपले, व्हेरिसाइनने आपले, आणि शेवटी आयकॅनने दर नावामागे दर साली काही सेंट. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजणात जकात पडत असे, हे लहानपणापासून ऐकत आलेल्या जुन्नरकराला या व्यवस्थेत नवल वाटण्यासारखे काही नाही. नवल इतकेच, की एवढी जकात भरूनही नाव आपल्या मालकीचे होत नाही. एका वेळी फार तर दहा वर्षांचा मक्ता. त्यापुढे पुन्हा नजराणा.

येथून डोमेनरावांच्या आवडत्या विषयाला, म्हणजे मरणाला, आरंभ होतो. जुन्नर-आंबेगावात दशक्रिया हा केवळ विधी नव्हे, तो सार्वजनिक समारंभ आहे. नदीकाठच्या घाटावर प्रवचन चालते, त्यानंतर तालुक्यातील यच्चयावत पुढारी श्रद्धांजलीच्या मिषाने आगामी निवडणुकीचा अंदाज घेतात, आणि मृताच्या आप्तांखेरीज सर्वांचा वेळ बरा जातो. डोमेनराव एकही दशक्रिया चुकवीत नाहीत. कावळ्याची वाट पाहत मंडळी उभी असता ते शेजाऱ्याला हलक्या आवाजात सांगू लागतात, की मुदत संपली म्हणून नाव लगेच मरत नाही. आधी महिना-सव्वा महिना सवलतीचा जातो. मग तीस दिवस विमोचनाचे, त्यांत मूळ किमतीच्या कितीतरी पट दंड भरून नाव परत आणता येते. आणि अखेरीस पाच दिवस असे येतात, की त्यांत कावळा शिवला तरी उपयोग नाही. यातच एखाद्याला आपल्या नावाची मुदत आठवते, आणि घाटावरून परतताना डोमेनरावांच्या खिशात एका नूतनीकरणाचे पैसे असतात. याला काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे. मी दोन वेळा याला हलकटपणा म्हटले आहे, आणि दोन्ही वेळा त्यांच्याच मोटारसायकलवर बसून घरी आलो आहे.

पुढाऱ्यांच्या नावांचा त्यांच्याकडे एक स्वतंत्र खातेउतारा आहे. निवडणूक लागली की प्रत्येक युवा नेत्याला, जनसेवकाला आणि भावी आमदाराला आपल्या नावापुढे डॉट कॉम हवे असते, तेही अर्ज भरण्यापूर्वी. आणि तेवढ्या एका प्रसंगी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास हे उत्तर चालत नाही, कारण समोर उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांना पसरण्याचा अर्थ निराळा ठाऊक असतो. निकाल लागतो. पडलेला उमेदवार नाव विसरतो, निवडून आलेला डोमेनरावांना विसरतो, आणि एक वर्ष व सुमारे अडीच महिन्यांनी ते नाव बाजारात मोकळे होऊन कोठल्यातरी परदेशी जुगाऱ्याच्या हाती लागते. आमच्या भागातील एका तडफदार नेतृत्वाच्या संकेतस्थळावर, जेथे पूर्वी वृक्षारोपणाचे छायाचित्र होते, तेथे आज अखंड तीनपत्ती चालते. डोमेनराव म्हणतात, उद्योग आणीन असे वचन त्यांनी दिलेच होते.

डॉट भारतचे वेड त्यांना २०१४ च्या ऑगस्टात लागले. आपल्या लिपीत पत्ता, या कल्पनेने त्यांनी स्वखर्चाने ओळखीच्यांना देवनागरी नावे वाटली. ती आत जाऊन एक्स, एन आणि दोन आडव्या रेघा अशा रोमन वेषात वावरतात, आणि त्यांवरच्या ई-मेलला पुष्कळ यंत्रे ओळखच देत नाहीत, हे कळल्यावर वाटप थांबले. त्याविषयी ते फारसे बोलत नाहीत.

पत्रव्यवहाराविषयी मात्र ते बोलू लागले की त्यांच्यातला शिवनेरीच्या पायथ्याचा माणूस जागा होतो. जुन्या पत्राच्या अखेरीस मोर्तब करीत, ते मजकुरात पुढे कोणी भर घालू नये म्हणून. तोच हेतू आता डीकेआयएम नावाच्या अदृश्य मोहरेने साधला जातो, आणि आपल्या नावाने कोणकोणत्या जासुदांनी पत्रे न्यावीत याची यादी एसपीएफ या नोंदीत द्यावी लागते. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांना या गोष्टी सक्तीच्या केल्या, तेव्हा काळी द्राक्षे परदेशी धाडणाऱ्या एका बागायतदाराची पत्रे वाटेतच अडू लागली. कंटेनर भरलेला, कागद पोहोचत नाहीत, पोटमक्तेदाराचा फोन बंद. डोमेनरावांनी त्यालाही तेच दोन आकडे ऐकवले. त्या रात्री मी कामानिमित्त माडीवर होतो, म्हणून पुढचे पाहिले. फोन ठेवताच त्यांनी नोंदीची मुदत तीनशे सेकंदांवर आणली, मोहर उमटवली, यादी दुरुस्त केली, स्वतःच्या खात्यावरून एक पत्र धाडून पाहिले आणि चहा मागवला. चहा येण्यापूर्वी काम फत्ते झाले होते. मग त्या बिचाऱ्याला दोन दिवसांचे भय का घातले, असे मी विचारले. “पाच मिनिटं म्हटलं, सर, की सहाव्या मिनिटाला फोन येतो. अठ्ठेचाळीस तास म्हटलं की माणूस जेवून झोपतो. उठतो तेव्हा झालेलं असतं.”

म्हणजे इतकी वर्षे मी जागत राहिलो तो माझ्या वजाबाकीमुळे.

आणखी एक गोष्ट नाइलाजाने सांगतो. आळेफाट्याचा फ्लेक्सवाला दुकान गुंडाळून दूधसंकलनात शिरला. त्याने एक दवाखाना, एक पतसंस्था, दोन शाळा आणि कित्येक बागायतदार यांच्याकडून तीन-तीन वर्षांचे पैसे घेऊन पुढे एकेकच वर्ष भरले होते, हे त्याच्या मागे उघडकीस आले. त्या गिऱ्हाइकांशी डोमेनरावांचा करार नव्हता, ओळख नव्हती, आणि हात वर करण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नव्हती. त्यांनी ती सारी नावे पदरचे पैसे घालून चालू ठेवली. “पैसे बुडाले ते माझे नि त्याचे,” ते म्हणाले, “नावं त्यांची आहेत.” पैकी पतसंस्थेने पुढील वर्षी दर जास्त आहे म्हणून लेखी तक्रार केली.

धंदा आता आटत चालला आहे. यात्रांचे तमाशे ठरवण्यास नारायणगावच्या राहुट्यांत येणारा पंच फक्त मोबाइल नंबर मागतो. नवा दुकानदार व्हॉट्सॲपवर दुकान मांडतो. त्याला स्वतःचे नाव भाड्याने घेण्याची गरज वाटत नाही. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, आणि बापाच्या धंद्याचा विषय निघाला की मोबाइलकडे पाहतो. तरी डोमेनराव रोज पॅनेल उघडतात आणि महिनाभरात मुदत संपणाऱ्यांची यादी वडिलांच्या अडतीतल्या लाल बासनाच्या वहीत हाताने उतरवून घेतात.

त्या वहीत एका नावापुढे रक्कम नाही, हे मला परवा दिसले. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने नाव दिले ते गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेऱ्या घोडेगावात, नाव मात्र दफ्तरी अजून चालू. त्या गावातून उठून पांगलेल्यांपैकी कोणा हौशी माणसाने कधीकाळी गावाच्या नावाचे डोमेन घेतले, जुने फोटो आणि वाड्यांची यादी चढवली, आणि पुढे तो माणूसही फोन उचलेनासा झाला. डोमेनरावांनी ते एकदम दहा वर्षांसाठी भरून टाकले. दर साली नियमाप्रमाणे त्या खात्याला एक सूचना येते, की आपला पत्ता अद्याप बरोबर आहे का ते तपासावे, चुकीचा आढळल्यास नाव रद्द होऊ शकेल. पत्त्याच्या रकान्यात काय लिहिले आहे, असे मी विचारले. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला: मुक्काम पोस्ट आंबेगाव, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. पिनकोड तेवढा घोडेगावचा.

खोटा पत्ता दिल्याबद्दल या माणसाने अख्ख्या तालुक्याला धारेवर धरलेले मी ऐकले आहे, म्हणून मी त्यांच्याकडे नुसते पाहिले.

“खोटा कुठाय? बुडालाय फक्त,” ते म्हणाले, आणि पतसंस्थेचा फोन वाजत होता तो उचलला.