पेपर सिलॅबसबाहेरचा होता

फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी पहिलीत जाते, शिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते आणि दुपारचे जेवण 1948 पासून सगळ्यांना फुकट, ही माहिती पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेतो ऐकायला मिळते. सांगणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या लेकीला अडीचव्या वर्षी शाळेत ‘सहज गप्पा’ मारायला नेलेले असते. मुलाखत घ्यायला मनाई आहे ना!

दक्षिण कोरियाचे मात्र कोणी फारसे नाव काढत नाही, कारण तो आपल्या घरातलाच वाटतो. तिथे नोव्हेंबरात विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा होते, तेव्हा इंग्रजी श्रवणाच्या पेपरपुरती विमानांची उड्डाणे थांबवतात. आपण 2025 मध्ये बोर्डाच्या परीक्षेवर ड्रोन सोडले. त्यांना कानांची काळजी, आपल्याला खिशातल्या चिठ्ठ्यांची.

पण देशादेशांतली खरी तुलना पिसा परीक्षेत होते. वय पंधरा, पाठांतराला फारसा वाव नाही, प्रश्न रोजच्या व्यवहारातले. 2009च्या फेरीसाठी आपण तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये बसवली. दोन्ही यादीच्या तळाशी गेली, किर्गिझस्तानच्या शेजारी. मग आपण काय केले? दहावीतला कुठलाही हुशार मुलगा करतो तेच. आधी म्हणालो, प्रश्न आमच्या परिस्थितीला धरून नव्हते. म्हणजे सिलॅबसबाहेरचे. मग पुढच्या परीक्षांना दांडी मारली: 2012, 2015, 2018. 2019 मध्ये ‘आता बसतो’ असे कळवले. मध्येच करोना आला, परीक्षा 2022 वर गेली आणि त्या दिवशीही आपला बाक रिकामाच होता. पालकांची चिठ्ठी तेवढी जोडायची राहिली.

फिनलंडचे गुणही 2006नंतर घसरत आले आहेत. ती माणसे मात्र दर फेरीला बसतात, निकाल छापतात आणि आपसांत भांडतात. आपल्याला हा भाग आवडत नाही. शाळेच्या जाहिरातीत तो बसत नाही.

बसते ते ‘फिनिश पॅटर्न’. गृहपाठ नाही, परीक्षा नाही, फी मात्र आहे. लिफ्टमधल्या गृहस्थांनी मुलाला अशाच शाळेत घातले आहे आणि ते फार खूश आहेत. शाळेत गृहपाठ नसल्यामुळे संध्याकाळ मोकळी मिळते, म्हणून सहावीपासूनच त्याला जेईई फाउंडेशनचा क्लास लावता आला.