पाहुणेपणाचा पहिला आठवडा

मलकापूरहून परदेशी शिकायला निघालेल्या पोराच्या बॅगेत पुस्तकांना जागा उरत नाही, कारण घरच्यांनी ती शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चकल्या आणि भडंगाने भरलेली असते. पोरगं शिकायला नव्हे, वेढ्यात अडकायला चाललंय, अशी ती रसद! परक्या कुटुंबात उतरल्यावर पहिले दिवस पोटामुळे जड जातात, हा त्यामागचा समज. तो खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. पोराला नडतं ते पाहुणेपण. आपल्याकडच्या पाहुण्याने सोफ्यावर बसायचं, चहाला दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचा आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. एवढी तयारी पक्की करून तो जर्मनीत किंवा इंग्लंडात यजमानांच्या दारी उभा राहतो. यजमानीणबाई त्याच्या हाती किल्ली ठेवतात, फ्रिजमधला एक कप्पा नेमून देतात, भांडी धुण्याच्या यंत्राची बटणं समजावतात आणि जेवताना ‘अजून हवं का?’ असं एकदाच विचारतात. पोरगा रीतीप्रमाणे नको म्हणतो. बटाट्यांचं भांडं तिथल्या रीतीप्रमाणे उचललं जातं. रात्री अकराला बंद खोलीत भडंगाची पिशवी फुटते ती अशी.

पाण्याचंही तेच. अंघोळ लांबली की यजमान घड्याळाकडे बघतात, कारण गरम पाण्याचं बिल त्यांच्या नावावर येतं. यावर रुसायचा हक्क निदान मलकापूरकराला नाही. कराडला खेटून असलेल्या या गावाने नळाला चोवीस तास पाणी आणलं ते जोडणीगणिक मीटर बसवून आणि जास्त वापराला चढा दर लावून. आपल्या नळाचा मीटर शहाणपणाचा आणि परक्याच्या न्हाणीघरातला मात्र कंजूषपणाचा, असं कसं चालेल?

कोणी म्हणेल, आपल्याकडे पाहुणा देव असतो. तिकडे महिन्याचे पैसे मोजूनही ताट उचलायचं म्हणजे काय? पण विद्यार्थ्याला आपणही कधी देव मानलेलं नाही. वार लावून जेवणारा मुलगा सात दिवस सात घरी जेवायचा आणि त्या घरची पडतील ती कामं करायचा. त्याला कोणी तिसऱ्यांदा आग्रह केल्याचं ऐकिवात नाही. कराड तालुक्यातल्याच काले गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली आणि आपला स्वयंपाक आपण करून जेवली. भांडी घासल्याने शिक्षणाला बाध येत असता, तर अर्धा सातारा जिल्हा अडाणी राहिला असता.

दुसरा आक्षेप खाण्यापिण्याचा: शाकाहारी मुलाने परक्या घरात करायचं काय? त्याला उत्तर आनंदीबाई जोशींनी देऊन ठेवलंय. १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे उतरल्या. हे यजमान जमले तेही दातांच्या कृपेने. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशींचं कोल्हापूरहून लिहिलेलं पत्र एका मिशनरी नियतकालिकात छापून आलं होतं, ते थिओडोशिया कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे नंबराची वाट बघताना वाचलं. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, मांसाहार केला नाही, पण पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसूनही राहिल्या नाहीत. कार्पेंटर मंडळींना त्यांनी आपल्याकडचं जेवण स्वतः रांधून घातलं. कार्पेंटरबाई त्यांच्या मावशी झाल्या आणि १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर. म्हणजे आचार पाळता येतो, फक्त ओट्याशी आपण उभं राहावं लागतं.

तेव्हा निघणाऱ्यांनो, भडंग जरूर न्या, पण खोलीत लपवून खाऊ नका. टेबलावर मांडा, कांदा-कोथिंबीर घालून कालवून दाखवा. भूक असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा. आणि जेवण झालं की कोणी सांगण्याआधी उठून आपलं ताट विसळा.