टोपडे आणि डोके : शहापूर-मुरबाड तालुक्यांपुरते मार्गदर्शन

क्रोशाच्या टोपीचे माप डोक्यावरून घ्यायचे असते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत मात्र ते बहुधा फोनवरून घेतले जाते. ‘बाळ चांगलं गुटगुटीत आहे’ हे माप नव्हे.

टेप भुवयांच्या वरून, कानांना चाटून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी. टेप नसल्यास सुतळी चालते. लोकरीचा धागा ताणला जातो, म्हणून त्याची साक्ष ग्राह्य धरू नये. आजोबांचे माप घेण्यापूर्वी पांढरी टोपी उतरवून घ्यावी लागते. हे काम थोरल्या सुनेकडे न देता नातवाकडे द्यावे.

मोठ्या माणसाचे डोके ठिकाणावर असते (येथे फक्त घेराचा विचार केला आहे). घेर 56 सेंटीमीटर असेल तर लोकर ताणते म्हणून 4 वजा करावेत आणि उरलेल्या 52 ला 3.14 ने भागावे. माथ्याची चकती साडेसोळा सेंटीमीटर रुंद झाली की टाके वाढवणे थांबवून सरळ खाली यावे. पहिल्या फेरीत 12 खांब, पुढे दर फेरीला 12 ची भर. भर कमी पडल्यास चकतीची वाटी होते, जास्त झाल्यास कडेला झालर सुटते. दोन्ही प्रसंगी ‘डिझाइनच तशी आहे’ असे सांगण्याचा प्रघात आहे.

खरा पेच बाळंतविड्यातल्या टोपड्याचा. जन्मतः 35 च्या आसपास असलेला घेर पहिले तीन महिने दरमहा सुमारे 2, पुढचे तीन महिने 1 आणि त्यानंतर अर्धा सेंटीमीटर वाढतो. विणणाऱ्या मावशीचा वेग भातलावणीत शून्यावर येतो. म्हणून माप बारशाचे न धरता थंडीचे धरावे. ज्येष्ठात जन्मलेल्या बाळाला टोपडे खरे लागते ते पौषात, म्हशाच्या जत्रेच्या सुमारास. तोवर डोके 44 च्या पुढे सरकलेले असते. त्यातून 2 वजा केल्यास चकती साडेतेराच्या किंचित आत येते.

उंची गावागणिक ठरते. माळशेजच्या पायथ्याला कान पूर्ण झाकावेत. आसनगावहून पहाटेची लोकल धरणाऱ्याच्या टोपीत फोन शिरण्याइतकी जागा ठेवावी.

टोपी आखूड झाली तर काठाला फेऱ्या वाढवता येतात. घेरच कमी पडला, तर माथ्यापर्यंत उसवावे किंवा घरात पुढची बातमी येईपर्यंत ती ट्रंकेत ठेवावी.