आपल्याच घरात पाहुणा

आमच्या डोंबिवलीच्या घरात टीव्हीच्या कपाटामागे एक काळा डबा बसवलेला आहे. जाणकार त्याला नॅस म्हणतात. घरात त्याचं नाव 'भाच्याचा डबा'. भाचा परदेशी नोकरीला जाण्याआधी आमच्याकडे राहायला आला, घरभर विखुरलेल्या सीड्या, पेनड्राइव्ह आणि मेलेले मोबाइल बघून कळवळला, आणि जाताना हा डबा राउटरला जोडून गेला. लेकीच्या लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ, वडिलांचा आवाज असलेली कॅसेट, नाट्यसंगीत, गावच्या जमिनीचा सातबारा, विम्याचे कागद, फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट, सगळं त्याच्या पोटात. माझ्या कॉम्प्युटरवर त्याने 'झेड' नावाचं एक चिन्ह करून दिलं. त्यावर दोनदा टिचकी मारली की डबा उघडतो.

"मामा, याला पासवर्ड ठेवलेला नाही," तो म्हणाला. "ठेवला असता तर तुम्ही विसरला असता." हे तो इतक्या मायेने म्हणाला की यात माझा अपमान झालाय हे मला तो विमानात बसल्यावर कळलं.

पण डब्याने माझी पत वाढवली, हे मान्य करायला हवं. बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना मी अधूनमधून ऐकवत असे, की आत दोन डिस्क आहेत, एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं, त्यामुळे एक मेली तरी दुसरी संसार सांभाळते. चुकून पुसलेलंही दोन्हींवरून एकदमच पुसलं जातं, हे मात्र मी बागेत सांगत नसे. ते मला घरी कळलं होतं, काशीयात्रेचे फोटो गेले तेव्हा.

तर 2024 ची दिवाळी नुकतीच झाली होती. नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी एकदा सरकारला पटवून द्यावं लागतं. 2014 पासून ते घरबसल्या 'जीवन प्रमाण' वर करता येतं, आणि गेली काही वर्षं तर बोटाचा ठसाही लागत नाही, मोबाइलसमोर तोंड धरलं तरी चालतं. त्यासाठी पेन्शनच्या आदेशाचा, म्हणजे पीपीओचा नंबर हवा असतो. माझा पीपीओ स्कॅन करून मी डब्यात ठेवला होता आणि मूळ कागद 'आता काय गरज' म्हणून अशा सुरक्षित जागी ठेवला होता, की तो मलाही सापडू नये.

नेमकं आदल्या रात्री कॉम्प्युटरने मोठं अपडेट घ्यायचं ठरवलं. 'बंद करू नका' असं पडद्यावर आलं, आणि वीज गेली तर काय या काळजीने मी इन्व्हर्टरशेजारी खुर्ची टाकून बसलो, टक्केवारी पुढे सरकेना तेव्हा तिला मनातल्या मनात ढकलत राहिलो, आणि शेवटी मान लवंडून झोपलो. सकाळी कॉम्प्युटर नवाकोरा दिसत होता. झेडवर लाल फुली होती.

मी टिचकी मारली. मग जोरात मारली. मग माझा सगळ्या यंत्रांवर चालणारा एकमेव उपाय केला, बंद करून चालू करणं. कॉम्प्युटर बंद केला, राउटर बंद केला, डब्याची म्हणून जी वायर उपटली ती फ्रिजची निघाली, ती परत लावताना इन्व्हर्टर बोंबलला, आणि आत सौभाग्यवती लेकीशी व्हिडिओवर बोलत होत्या त्या 'हॅलो, हॅलो, अगं गोठलीस का' असं म्हणत राहिल्या. मी बाहेर आलो आणि गंभीरपणे सांगितलं, "सगळं गेलं. फोटो, कागद, बाबांचा आवाज. डबा गेला."

"बरं," ती म्हणाली, आणि नेट परत आल्यावर तिने टीव्ही लावला. टीव्हीवर लेकीच्या लग्नातली मंगलाष्टकं सुरू झाली. मी ती डोळ्यांत पाणी आणून ऐकली. ती कुठून येताहेत हा प्रश्न मला पडला नाही.

फुलीवर पुन्हा टिचकी मारल्यावर या वेळी एक इंग्रजी निरोप आला. आशय असा, की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा-धोरणानुसार ओळख न पटवलेल्या पाहुण्यांना इथे प्रवेश नाही. मी तो परत परत वाचला. मी कुठल्या कुठल्या संस्थांमध्ये आहे याचा विचार केला. वाचनालयाची वर्गणी थकलेली आहे, पण ते असे वागणार नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघाचा सुरक्षेशी संबंध सहलीच्या बसपुरता. उरली आमची सोसायटी. आणि सोसायटीने गेल्याच सभेत ठराव केला होता, की पाहुण्यांची नोंद वॉचमनकडे झाल्याशिवाय गेट उघडायचं नाही. मी तडक सेक्रेटरींना फोन लावला.

"ठराव सर्वानुमते झालाय," ते म्हणाले. "तुम्ही सभेला होतात. तुम्ही अनुमोदन दिलंत."

"पण माझ्या कॉम्प्युटरलाही तो लागू आहे का?"

पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली.

नंतर मी डबा बनवणाऱ्यांच्या मदतकेंद्राला फोन केला. त्यांनी डब्याच्या पोटाखालचा नंबर विचारला. डबा चालू असताना उलटा करू नये हे ठाऊक असल्यामुळे मी जमिनीवर पाठीवर झोपून, मोबाइलचा दिवा तोंडात धरून, कपाटाखालून नंबर वाचला. दिवा तोंडात असल्यामुळे त्यांना तो कळला नाही. कळला तेव्हा वॉरंटी संपल्याचं कळलं.

मग मी स्वतःच वाचायला बसलो, आणि वाचलेलं लगेच करून बघायला लागलो, हा माझा जुना रोग. एके ठिकाणी सांगितलं होतं, की एसएमबी एक नावाची गोष्ट चालू करा, जुने डबे दिसू लागतात. सेटिंगमध्ये खोल कुठेतरी एक चौकट सापडली, तिथे खूण केली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. फुली तशीच. मी आजूबाजूच्या आणखी चार चौकटींतही खुणा केल्या, एकटीला वाईट वाटू नये म्हणून.

अखेर तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला बोलावलं. तो पोहे खात खात एका हाताने काम करतो. त्याने एका काळ्या खिडकीत काहीतरी टाइप केलं. डब्याकडून पटापट उत्तरं आली. "काका, डबा ठणठणीत आहे. हाक मारली की ओ देतोय. फक्त तुम्हाला आत घेत नाहीये." मग त्याला माझी खूण केलेली चौकट दिसली आणि त्याचा चमचा थांबला. "हे चालू कोणी केलं?"

मी मांजराकडे बघितलं. आमच्याकडे मांजर नाही, शेजाऱ्यांचं येतं.

मग त्याने मला जे सांगितलं ते मी आता बागेत माझं म्हणून सांगतो. एका कॉम्प्युटरने दुसऱ्याच्या फायली कशा मागायच्या याची एक बोली आहे, एसएमबी. ती 1980 च्या दशकात आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी बांधली. त्या काळी एका ऑफिसातली यंत्रं एकमेकांवर विश्वास ठेवून असत. त्या बोलीची पहिली आवृत्ती इतकी भोळी, की मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम तिच्यातल्याच एका भोकातून शिरून दीडशेहून अधिक देशांत पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले, आणि त्यानंतर नव्या कॉम्प्युटरांवर ती आवृत्ती मुळातच बंद ठेवू लागले. ती मी पीपीओसाठी उघडून बसलो होतो. शिवाय माझ्या डब्याला नवी आवृत्ती उत्तम कळत होती. त्याने सगळ्या खुणा काढल्या, मी वाईट वाटू नये म्हणून केलेल्यांसकट.

"मग अडलंय कुठे?"

"सहीवर."

सही म्हटल्यावर मी सावरून बसलो. नोकरीत आयुष्यभर मी फक्त सह्याच केल्या. त्याने समजावलं, की नव्या अपडेटपासून कॉम्प्युटर डब्याशी होणाऱ्या प्रत्येक निरोपावर सही मागतो, म्हणजे मधेच कोणी निरोप बदलला तर कळावं. ही सही करायला एक किल्ली लागते, आणि ती किल्ली तयार होते पासवर्डातून. ज्याला पासवर्डच नाही तो पाहुणा. पाहुण्याला किल्ली नाही, किल्ली नाही तर सही नाही, सही नाही तर दार बंद. भाच्याने 'मामा, हे चांगलं असतं' म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर ऑफिसातली आवृत्ती घालून दिली होती, म्हणून नियम इतका कडक आणि म्हणून निरोपात संस्था.

"म्हणजे इतकी वर्षं मी माझ्याच घरात पाहुणा म्हणून जात होतो?"

"हो काका."

आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "वागणंही तसंच आहे."

जुनी सवलत परत चालू करता येते, असं मुलगा म्हणाला, पण तो ती करणार नाही, असंही म्हणाला. सरळ मार्ग म्हणजे डब्यात माझ्या नावाचं खातं उघडायचं आणि त्याला पासवर्ड द्यायचा. पण खातं उघडायला डब्याच्या मालकाचा पासवर्ड हवा. भाच्याकडे मध्यरात्र होती, तरी मी फोन केला. तो झोपेत एवढंच म्हणाला, "मामीकडे आहे."

दुधाच्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर, भाच्याच्याच अक्षरात, तो होता. "मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला सांगू नको म्हणाला होता."

खातं उघडलं. डब्याने पासवर्डाच्या अटी घातल्या, मोठं अक्षर हवं, लहान हवं, आकडा हवा, खूण हवी. दर वेळी काहीतरी राहायचं, म्हणून शेवटी मी सगळं इतक्या उदारपणे घातलं, की डबा त्याला 'अतिशय मजबूत' म्हणाला. नोकरीत माझ्याबद्दल असा शेरा कधी आला नव्हता. मी नवं नाव घालून झेड उघडला. निरोप आला, क्रमांक 1219, की एकाच माणसाला दोन नावांनी एकाच वेळी आत येता येणार नाही. मालक म्हणून मी दारात उभा, आणि पाहुणा म्हणून माझीच कुठलीतरी अर्धवट जोडणी आत अडकलेली. मुलाने काळ्या खिडकीत एक ओळ लिहून त्या पाहुण्याला बाहेर काढलं. मला त्याचं थोडं वाईट वाटलं.

आणि डबा उघडला. सातबारा होता, बाबांचा आवाज होता. पीपीओची फाइलही होती. स्कॅन करताना मी कागद पालथा ठेवला होता, त्यामुळे मागची कोरी बाजू अत्यंत स्पष्ट आली होती. दोन्ही डिस्कवर.

"तो नंबर पासबुकाच्या पहिल्या पानावर असतो ना?" सौभाग्यवती म्हणाल्या. असतो. मोबाइलसमोर तोंड धरलं, पापण्या मिटून उघडल्या, आणि सरकारने मला आणखी वर्षभर जिवंत धरलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मुलगा गेल्यावर मला वाटलं, आपण एवढं शिकलो तर काम पुरतं करावं, वॉनाक्रायसारख्यांना फट नको. म्हणून डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन मी पाहुण्यांचा प्रवेश स्वहस्ते, कायमचा बंद केला, आणि ते बागेत सांगितलंही.

टीव्हीसुद्धा पाहुणा म्हणूनच जात होता, हे आज संध्याकाळी कळलं. सौभाग्यवतींच्या बहिणी बदलापूरहून आल्या आहेत, त्यांना लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ बघायचा आहे, आणि टीव्ही माझा अतिशय मजबूत पासवर्ड मागतो आहे, रिमोटने, एकेक अक्षर बाण दाबत शोधून. अर्ध्याच्या पुढे गेलो की माझं बोट चुकून 'मागे' वर पडतं आणि सगळं पुसलं जातं. मेहुण्या पहिल्यांदा हसल्या, आता सूचना करताहेत. या कीबोर्डवर मोठं अक्षर कुठे असतं हे तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर लवकर सांगा, त्यांना नऊ वाजताची गाडी पकडायची आहे.