काबुरेटरातला ऊस

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत इंजिनातलं काही कळत नाही असं कबूल करणारा पुरुष अजून जन्माला यायचाय. दोष आमचा थोडा, इतिहासाचा जास्त. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना काढला, ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात. लोखंडी नांगराने जमिनीला विष बाधतं म्हणून शेतकरी सुरुवातीला त्याला हात लावेनात, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येकाचा आजोबा तिथे हजर असल्यासारखी सांगतात. इकडे साताऱ्यात धनजीशा कूपरांचा कारखाना नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत पोचला आणि कूपरसाहेब स्वतः १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधान म्हणत, हे साताऱ्यात मुद्दाम सांगत नाहीत. इंजिनवाला माणूस जिथून थेट गादीवर जाऊन बसतो, तिथे टपरीवर चहा पिणाऱ्याने ‘प्लग बघितला का?’ असं विचारलं तर नवल नाही.

पण विहिरीवरचं इंजिन वेगळं आणि ही दोरी ओढून सुरू करायची बारकी कार्टी वेगळी. ग्रास कटर, चेनसॉ, पॉवर वीडर, फवारणीचा एचटीपी. पश्चिमेकडे पावसाने गवत छातीला लागतं, पूर्वेकडे बांधावर बाभळी माजतात, त्यामुळे यांतलं काही ना काही घरोघरी येऊन बसलंय. बसलंय हेच खरं. वर्षातले दोन-तीन महिने काम आणि उरलेला काळ गोठ्यात, पोत्याखाली. माझं मत असं आहे की ही यंत्रं कामाने बिघडत नाहीत, विश्रांतीने बिघडतात. दिवाळीला धडधाकट ठेवलेलं मशीन मृगाला काढावं, तर ते सरकारी खात्यातून निवृत्त झाल्यासारखं बघतं.

मग दोरी ओढणं सुरू होतं. हा आमच्याकडे सार्वजनिक कार्यक्रम आहे. पहिले काही झटके माणूस एकटा मारतो, तेवढ्यात आवाज ऐकून गल्ली जमते. ‘चोक लाव’ म्हणणारे एका बाजूला आणि ‘चोक काढ’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला उभे राहतात. मधला माणूस दोघांचंही ऐकतो. त्यामुळे सिलिंडरात पेट्रोलचं तळं साचतं. मेकॅनिकच्या भाषेत मशीन ‘ओव्हर’ होतं. त्यावर इलाज सोपा आहे. चोक काढायचा, प्लग खोलायचा, दोरी चार वेळा ओढून आतलं पेट्रोल बाहेर फेकायचं, प्लग पुसून परत लावायचा. पण एवढं सोपं काही सांगितलं की जमलेल्या लोकांचा हिरमोड होतो.

आमच्या गल्लीतले एक काका तर दरवेळी ‘तिरकं करा, तिरकं करा’ म्हणून पुढे येतात. त्यांनी आयुष्यभर चेतक चालवली. सकाळी स्कूटर कुशीवर आडवी करायची, क्षणभर थांबायचं, उभी करायची आणि किक मारायची, हा विधी एका पिढीच्या अंगात देवपूजेइतका मुरलेला आहे. चेतकही टू-स्ट्रोक आणि चेनसॉही टू-स्ट्रोक, तेव्हा काकांचा तर्क वाकडा म्हणता येत नाही. फक्त चेनसॉ झाडावर आडवा, उभा, उलटा कसाही धरावा लागतो, म्हणून त्याच्या काबुरेटरात पेट्रोलवर तरंगणारा फ्लोटच नसतो. त्याच्या जागी रबराचा पातळ पडदा असतो, तो हलतो आणि पेट्रोल आत सोडतो. त्यामुळे मशीन तिरकं करून एकच गोष्ट होते. चेनच्या तेलाच्या टाकीचं बूच सैल असेल तर काकांच्या पायजम्यावर डाग पडतो.

शेवटी मिस्त्री. साताऱ्यात आमचे मिस्त्री पोवई नाक्याच्या अलीकडे एका बोळात बसतात. ते आधी काही विचारत नाहीत, कारण विचारलं तर गिऱ्हाईक सांगत बसतं. प्लग खोलून वैद्याने जीभ बघावी तसा उन्हात धरून बघतात. प्लग ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. काळा मिट्ट असेल तर तेल जास्त झालंय. मग प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून दोरी ओढतात. निळी ठिणगी पडली की करंट चांगला. त्यानंतर टाकीत वाकडी तार घालून आतली फिल्टरची गोटी बाहेर ओढतात. एवढ्यात निम्मी मशीनं कळतात. सातारी माणसाला मात्र एवढ्या स्वस्तात कळलेलं पटत नाही. ‘नीट बघा की राव, आतलं काहीतरी असंल,’ असं तो म्हणतोच.

एकदा आतलं खरंच निघालं. आमचा ग्रास कटर सुरू व्हायचा, चार फुसके सोडायचा आणि गुदमरून बंद पडायचा. प्लग ठीक, पेट्रोल ठीक. मिस्त्रींनी सायलेन्सर सोडवून फरशीवर आपटला, तर आतून भाजक्या मातीचा लोळा पडला. तो फोडला तर एकेका कप्प्यात मेल्यासारखे पडलेले बारके कोळी, अगदी ओळीने रचलेले. कुंभारमाशीने सायलेन्सरात संसार थाटला होता आणि पिल्लांच्या जेवणाची बेगमीही करून ठेवली होती. मिस्त्रींनी तो लोळा बाजूला एका फळकुटावर ठेवला. तिथे आधीचे तीन-चार होतेच. ‘भाडं न देता ऱ्हात्यात,’ एवढंच बोलून त्यांनी बिल केलं.

चेनसॉच्या तऱ्हा वेगळ्या. मशीन गरजतं, धूर काढतं आणि लाकूड मात्र कापत नाही, नुसतं तापवतं. अशा वेळी बहुधा चेन उलटी बसवलेली असते. दाते मागे तोंड करून पळत असतात आणि चालवणारा अंगाचं वजन टाकून बाभळीला दोष देत असतो. चेन सुलटी असूनही भुश्शाऐवजी पिठासारखी पूड पडायला लागली की धार गेली समजायचं. धार गोल कानशीने, तिरपा कोन सांभाळून, प्रत्येक दात सारख्याच वेळा घासून लावायची असते. हे काम शांत माणसाचं. रस्त्याकडेच्या झाडांत मात्र शांत माणसाचाही तोल जातो, कारण त्या खोडांत क्लासच्या पाट्यांचे खिळे असतात. दहावी-बारावीच्या शंभर टक्के निकालाची हमी देणारी पाटी कधीच वाऱ्याने उडून गेलेली असते, खिळा सालीच्या आत वाढतो आणि एक दिवस नव्या कोऱ्या चेनचे दात पाडतो.

माझे मामा वाळवा तालुक्यातले. त्यांचा ऊस, त्यांचा ग्रास कटर आणि त्यांची मतं, तिन्ही जोमदार. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. पुस्तिकेत पन्नासास एक म्हटलं असेल तर लिटरला २० मिली, पंचवीसास एक असेल तर ४० मिली. मी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजतो. मामा रंग बघतात. पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत (आणि ते रास्तच आहे), म्हणून मोटरसायकलच्या टाकीतून नळीने काढायचं, बाटली उन्हाकडे धरायची आणि ‘आला बग काकवीचा रंग’ म्हणून टाकीत ओतायचं. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर गल्लीभर धूर. मामांच्या रंगाने आजवर पिस्टन जाम झालेला नाही, हे मला खटकतं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचं मशीन काही केल्या उठेना, तेव्हा आम्ही ते सांगलीला नेलं. तिथल्या मिस्त्रींनी काबुरेटर खोलला. आत पांढरी बुरशीसारखी पूड धरलेली, पडदा वाळक्या पानासारखा कडक आणि टाकीच्या तळाला पेट्रोलपासून वेगळं झालेलं पाणी.

‘पाणी कुणी घातलं?’ मामांनी माझ्याकडे बघत विचारलं.

‘कुणी घातलं न्हाई, दादा. इथेनॉल हाय,’ मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आता सगळीकडे तेच आहे. अनेक बारक्या मशीनच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. रोज पळणाऱ्या गाडीत त्याला तेवढी सवड मिळत नाही. सहा महिने पोत्याखाली पडलेल्या ग्रास कटरात मिळते. म्हणून मशीन ठेवताना टाकी रिकामी करायची आणि काबुरेटरातलं पेट्रोल संपून आपोआप बंद पडेपर्यंत ते चालवायचं.

मला राहवलं नाही. ‘मामा, इथेनॉल कशापासून करतात?’

मामा गप्प. आमच्या बाजूच्या कारखान्यांतून उसाचं इथेनॉल निघतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणजे मामांनी लावलेला, खत घातलेला, रात्रीच्या लायटीला उठून पाणी पाजलेला ऊस गावाला वळसा घालून पंपावर आला आणि त्यांच्याच काबुरेटरात बसला.

‘मग बंद करा म्हणावं हे इथेनॉल,’ मी म्हणालो.

‘येडा का खुळा तू?’ मामा एकदम तापले. ‘इथेनॉल बंद झाल्यावर उसाला दर कोण देणार, तू? काबुरेटर नवा मिळतोय बाजारात. दर मिळतोय का?’

दुकानात इंजिनाची वाट बघत बसलेले तीन शेतकरी एका आवाजात ‘बराबर’ म्हणाले. मग दराचाच विषय निघाला. एफआरपी, काटामारी, तोडणीवाल्यांची खुशाली, कुणाचा ऊस फडातच वाळला, सगळं झालं. ग्रास कटर टेबलावर पोट उघडं टाकून पडलेला, त्याच्याकडे कुणी बघेना.

बऱ्याच वेळाने मिस्त्रींनी विचारलं, ‘दादा, मग नवा काबुरेटर घालू का?’

‘घाल की. कारखान्याचं बिल आलं की घिऊन जातो.’

ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावं, असा कायदा १९६६ पासून आहे. मिस्त्रींचाही घरचा दीड एकर ऊस. त्यांनी मामांकडे एकदा बघितलं आणि मशीन उचललं.

‘मग टाकी रिकामी करूनच ठिवतो,’ ते म्हणाले.